सँडरचा कार्बन वारंवार संपत असेल तर आधी जुना ब्रश तपासावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात प्लाय आणि सागवानी लाकडाचे फर्निचर तयार होते आणि तेथे ५ इंची ऑर्बिटल सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र, रोज सुमारे तीन तास चालतो. या ३०० वॉटच्या यंत्राचे कार्बन ब्रश पूर्वी सात-आठ महिने विनातक्रार टिकत असत. मागील पावसाळ्यात मात्र नवीन घातलेली जोडी पाच आठवड्यांत संपली, तिच्यानंतरची तीन आठवड्यांत संपली आणि तिसरी जोडी जेमतेम सोळा दिवस चालली. प्रत्येक वेळी लक्षणे तीच होती. बटण दाबल्यावर यंत्र लगेच सुरू होत नसे आणि बाजूने हलकी थाप मारली की चालू लागे. हवेच्या झरोक्यातून नेहमीपेक्षा मोठ्या, पिवळसर ठिणग्या दिसत, जळकट वास येई, लाकडावर थोडा भार दिला तरी वेग पडे, आणि शेवटी यंत्र पूर्णपणे थांबे. नवे ब्रश घातले की सारे पूर्ववत होई, आणि म्हणूनच मूळ दोष आमच्या नजरेतून तीन वेळा निसटला.

ब्रश बदलण्याची कृती सोपी आहे आणि ती पुढे सांगितली आहेच. परंतु ब्रश लवकर का झिजतो हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी लागणारा बहुतेक पुरावा आपण काढून कचऱ्यात टाकतो त्या जुन्या ब्रशवरच उमटलेला असतो. सुदैवाने आमच्या मिस्त्रींना काढलेला प्रत्येक सुटा भाग डब्यात ठेवण्याची सवय आहे. त्यामुळे संपलेल्या तिन्ही जोड्या हाताशी होत्या आणि त्या एका ओळीत मांडून भिंगाखाली पाहता आल्या.

आधी कार्बन ब्रशचे काम समजून घेतले पाहिजे. सँडर, ग्राइंडर, हातातील ड्रिल यांत सहसा युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यात फिरणाऱ्या आर्मेचरला, म्हणजे दांड्यावर गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांना, वीज पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचते त्याच दांड्यावरील कम्युटेटर नावाच्या गोल भागाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर दोन बाजूंनी टेकलेल्या कार्बनच्या दोन तुकड्यांमधून. विजेची यंत्रे नवीन होती तेव्हा या जागी तांब्याच्या तारांचे खरोखरीचे ब्रश वापरत असत. जॉर्ज फोर्ब्ज यांनी १८८५ साली त्यांच्याऐवजी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले, पण नाव ‘ब्रश’ हेच राहिले. आमच्या सँडरची मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते. कम्युटेटरचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर त्याचा पृष्ठभाग ब्रशखालून ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने सरकत असतो. इतक्या घर्षणात झीज होणारच, आणि ती कम्युटेटरऐवजी ब्रशची व्हावी, अशीच मुळात योजना असते. म्हणून ब्रश झिजला ही तक्रार होऊ शकत नाही. झिजण्याचा वेग अचानक वाढला, तरच काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आमचा पहिला संशय विजेच्या दाबावर होता. साइटवर लांबच लांब एक्स्टेंशन वायर टाकून काम करावे लागते आणि ‘व्होल्टेज कमी पडते म्हणून कार्बन खातो’ असे सर्रास म्हटले जाते. हिशेब केल्यावर हा संशय टिकला नाही. ३०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे १.३ अँपिअर प्रवाह घेते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या २५ मीटर तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण १ ओहम असतो, म्हणजे दाबात पडणारी घट दीड व्होल्टसुद्धा नाही. वायर निम्म्या जाडीची असती तरी घट तीन व्होल्टच्या आत राहिली असती. सैल प्लग, अर्धवट तुटलेली वायर किंवा जळालेला सॉकेट यांची गोष्ट वेगळी, कारण तेथे प्रवाह सतत तुटत-जोडत राहतो. परंतु आमच्याकडे तसे काही आढळले नाही. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तो आधी केला असता तर नवीन वायरीचे वेटोळे विकत घेण्याचा आमचा खर्च वाचला असता.

जुन्या ब्रशवर काय पाहावे

चांगल्या ब्रशचा कम्युटेटरला टेकणारा चेहरा गुळगुळीत, किंचित चमकदार आणि गडद राखाडी असतो, आणि त्याला कम्युटेटरच्या गोलाईचा खळगा पडलेला असतो. बाजूच्या भिंती मंद आणि सरळ असतात. दोन्ही ब्रशची लांबी जवळजवळ सारखी असते. आपल्याकडील विजेच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, त्यामुळे एका ब्रशला कायम धन आणि दुसऱ्याला कायम ऋण बाजू मिळत नाही. म्हणून दोघांच्या झिजण्यात मोठा फरक पडण्याचे विजेच्या अंगाने कारण उरत नाही. फरक दिसला तर आखूड ब्रशच्या बाजूचा होल्डर, म्हणजे ब्रश ज्यात सरकतो ते घर, आणि ब्रशला पुढे ढकलणारी स्प्रिंग तपासावी.

आमच्या पहिल्या जोडीच्या चेहऱ्यावर फिरण्याच्या दिशेने बारीक, खोल रेघा होत्या, जणू कोणी कंगवा ओढला असावा. अशा रेघा कठीण कणांमुळे पडतात. लाकडाचा भुसा मऊ असतो, तो अशा रेघा पाडत नाही. मग आठवले की पावसाळ्याच्या सुरुवातीला घोडबंदर रस्त्यावरील एका फ्लॅटच्या कामावर हा सँडर आठवडाभर भिंतींची आणि छताची पुट्टी घासण्यासाठी वापरला होता. भिंतीच्या पुट्टीत पांढरे सिमेंट आणि डोलोमाइटची पूड असते आणि डोलोमाइट तांब्यापेक्षा कठीण आहे. शिवाय छत घासताना यंत्र उलटे धरावे लागते, सारी पूड वरून खाली येते, आणि मोटर थंड ठेवण्यासाठी हवा आत घेणारे झरोके नेमके तिच्या वाटेत असतात. आपल्याकडील पावसाळ्याची दमट हवा तिला मिळाली की ती होल्डरच्या कोपऱ्यांत लेपासारखी घट्ट बसते. लाकडाच्या सँडरने भिंत घासू नये असे माझे आता ठाम मत आहे. ज्यांना दोन्ही कामे करावी लागतात त्यांनी पुट्टीसाठी वेगळे यंत्र आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम ठेवावा.

दुसऱ्या जोडीत डावा ब्रश ५ मिलिमीटर उरला होता, तर उजवा ८. डाव्या ब्रशच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चकाकणारे उभे पट्टे होते, म्हणजे तो होल्डरमध्ये मोकळा सरकत नव्हता, घासत आणि अडकत होता. येथे आमचीही चूक होती. बाजारातून आणलेला ब्रश किंचित जाड होता आणि आम्ही तो कानशीवर घासून बसवला होता. हाताने घासलेल्या भिंती कधीही समांतर राहत नाहीत. असा ब्रश तिरपा होऊन अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही, ब्रश आणि तांबे यांच्यात बारीकशी फट राहते आणि त्या फटीत ठिणग्यांची लड लागते. ठिणगी ब्रशचाही घास घेते आणि तांब्याचाही. थाप मारल्यावर यंत्र सुरू होण्याचे कारणही हेच, कारण थापेने अडकलेला ब्रश तात्पुरता सुटतो. थाप मारून काम चालवणे हा सर्वांत महाग उपाय आहे, कारण दरम्यान जळतो तो कम्युटेटर.

त्याच डाव्या ब्रशच्या शेपटीची, म्हणजे विणलेल्या तांब्याच्या वायरीची, रंगत निळसर-काळी झाली होती आणि ती हाताला कडक लागत होती. प्रवाह या शेपटीतून जायला हवा. तिचे टोक सैल असेल तर प्रवाह स्प्रिंगमधून वाट काढतो, स्प्रिंग तापते, आणि तापलेल्या पोलादाचा ताण कायमचा निघून जातो. आमची डावी स्प्रिंग उजवीशेजारी ठेवली तेव्हा ती उघड आखूड दिसली आणि बोटाने दाबल्यावर तिचा जोर निम्माच जाणवला. आम्ही प्रत्येक वेळी ब्रश नवे घालत होतो आणि स्प्रिंग मात्र जुनीच ठेवत होतो.

तिसऱ्या जोडीचे कोडे रंगावरून सुटले. ताज्या मोडलेल्या कडेवर लालसर चमक होती, म्हणजे त्यात तांब्याची भुकटी मिसळलेली होती. असे ब्रश गाडीच्या स्टार्टरसारख्या १२ व्होल्टच्या मोटरसाठी असतात, जेथे दाब कमी आणि प्रवाह प्रचंड असतो. २३० व्होल्टच्या युनिव्हर्सल मोटरला याच्या उलट हवे असते. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जाताना क्षणभर दोन्ही पट्ट्यांना टेकतो आणि त्यांमधील वेटोळे शॉर्ट होते. ब्रशचा स्वतःचा रोध पुरेसा असेल तरच त्या क्षणी फिरणारा प्रवाह आटोक्यात राहतो. तांबेमिश्रित ब्रशमध्ये तो रोध नसतो, म्हणून प्रत्येक पट्टी ओलांडताना ठिणगी पडते. दुकानातील माणसाने मापे जुळवून दिली होती आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण लांबी, रुंदी, जाडी जुळणे पुरेसे नाही. ब्रशवर कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो, उदाहरणार्थ माकिताच्या ब्रशवर ‘सीबी’ या अक्षरांपुढे आकडा असतो, आणि खरेदी त्या क्रमांकानेच करावी. मी आता मुंबईत मस्जिद स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात ब्रश घ्यायला जातो तेव्हा जुना ब्रश आणि यंत्राच्या पाटीचा फोटो दोन्ही सोबत नेतो, आणि ‘हाच चालेल’ असे सांगून पुढे केलेला सुटा माल घेत नाही.

उघडणे, साफ करणे, बसवणे

प्लग सॉकेटमधून काढून तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवावा. बटण बंद असणे पुरेसे नाही. काही यंत्रांना दोन्ही बाजूंना रुंद खाचेची काळी टोपणे असतात आणि ती स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ब्रश थेट बाहेर येतो. आमच्यासारख्या हातात मावणाऱ्या सँडरला बहुधा वरचे कव्हर किंवा अर्धे शरीर उघडावे लागते. कव्हर उचलण्यापूर्वी वायरी कोणत्या खाचांतून जातात याचा फोटो काढावा, नाहीतर बंद करताना एखादी वायर कव्हरखाली चिमटली जाते आणि यंत्राच्या दुहेरी इन्सुलेशनचा उपयोगच संपतो. जुने ब्रश पुन्हा घालायचे असतील तर कोणता कोणत्या बाजूचा आणि कोणती कड वर होती हे खडूने लिहून ठेवावे. उलटा बसवलेला ब्रश नव्याने घासून जुळेपर्यंत ठिणग्या देत राहतो.

कोरड्या हवेचा ब्लोअर उघड्यावर, मास्क आणि चष्मा लावून वापरावा. त्याने सुटी पूड जाते, पण होल्डरमध्ये भाजून बसलेला थर जात नाही. त्यासाठी आम्ही बांबूची चपटी काडी आणि सुती कापड वापरले, कारण पोलादी टोकाने पितळी होल्डरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात आणि ब्रश पुन्हा त्याच ओरखड्यांत अडकतो. होल्डर साफ झाला याची खूण अशी: नवीन ब्रश स्प्रिंगशिवाय आत सोडला तर तो केवळ स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे, आणि आडवा हलवला तर खुळखुळता कामा नये. होल्डरमध्ये तेल, ग्रीस किंवा फवारण्याचे वंगण घालू नये. कार्बनमध्ये ग्राफाइट असते आणि त्याला बाहेरचे वंगण लागत नाही. तेल मात्र पूड धरून ठेवते.

यानंतरचा भाग सर्वांत अधिक वेळ देण्याजोगा आहे, आणि तो म्हणजे कम्युटेटर. तांब्यावर एकसारखा कॉफीसारखा तपकिरी थर दिसला तर तो घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. तांब्याचा ऑक्साइड आणि ग्राफाइट यांचा तो पातळ थर झीज कमी ठेवतो. घासून काढला तर तो पुन्हा जमेपर्यंत नवीन ब्रश अधिक वेगाने झिजतो. आमच्या कम्युटेटरवर मात्र काळे डाग होते, आणि नख आडवे फिरवले तर ब्रशच्या वाटेवर खोलगट पायरी लागत होती. त्याहून वाईट म्हणजे तांबे झिजून खाली गेले होते आणि पट्ट्यांमध्ये वीज अडवण्यासाठी बसवलेल्या अभ्रकाच्या कडा वर राहिल्या होत्या. अभ्रक तांब्याच्या पातळीखाली असावा लागतो. तो वर आला की ब्रश प्रत्येक पट्टीवर उडी मारतो, आणि १२,००० फेऱ्यांच्या वेगाला या उड्यांची ठिणगी सलग वर्तुळासारखी दिसते.

हलके डाग असते तर यंत्रातून आर्मेचर काढून, हाताने फिरवत, ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरची पट्टी पुरली असती. एमरी पेपर येथे वापरू नये, कारण त्याचे कण वीजवाहक असू शकतात आणि पट्ट्यांमधील खाचेत रुतून शॉर्ट करतात. आमची पायरी पेपरने जाणारी नव्हती, म्हणून आर्मेचर शेजारच्या गल्लीतील टर्नरकडे नेले. त्यांनी लेथवर दोन हलके काप घेतले, त्यानंतर करवतीच्या पात्याच्या घासून पातळ केलेल्या तुकड्याने प्रत्येक खाचेतील अभ्रक सुमारे अर्धा मिलिमीटर खाली घेतला आणि पट्ट्यांच्या कडांवरील कंगोरे काढले. हे शेवटचे काम कंटाळवाणे असते आणि घाईत गाळले जाते. ते गाळून केलेला लेथचा काप नुसता दिखाऊ ठरतो, म्हणून टर्नरकडे देताना ते आवर्जून सांगावे.

आर्मेचर बाहेर आलेच आहे तर मल्टीमीटर लावण्याची संधी सोडू नये. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधील रोध मोजत पूर्ण फेरी मारावी. सर्व आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखाद्या जोडीचा आकडा ठळकपणे वाढला तर तेथील वेटोळे तुटले आहे, घटला तर शॉर्ट झाले आहे. कोणतीही पट्टी आणि मधला पोलादी दांडा यांत मात्र काहीही जोड दाखवता कामा नये. शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या जळालेल्या दिसणे हीसुद्धा तुटलेल्या वेटोळ्याची ओळखीची खूण आहे. असा दोष असेल तर ब्रश कितीही उत्तम घातले तरी ते जळतच राहतील. तेथे आर्मेचर बदलणे किंवा पुन्हा गुंडाळून घेणे हाच मार्ग उरतो, आणि छोट्या सँडरच्या बाबतीत तो खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. बेअरिंगही बोटाने फिरवून पाहावेत. दांडा आडवा हलत असेल तर कम्युटेटर गोल असूनही ब्रशला तो लंगडत फिरल्यासारखाच मिळतो.

ब्रश नेहमी जोडीने बदलावेत, आणि स्प्रिंगही. शेपटीचे टोक घट्ट बसवावे, स्प्रिंग ब्रशच्या मधोमध टेकली आहे याची खात्री करावी आणि कव्हर लावण्यापूर्वी आर्मेचर हाताने दोन-चार फेरे फिरवून पाहावे. त्यानंतर यंत्र दहा मिनिटे लाकडाला न टेकवता चालवावे, म्हणजे ब्रशच्या सपाट चेहऱ्याला कम्युटेटरची गोलाई येते. पहिला अर्धा तास हलक्या घासकामाचा ठेवावा. सुरुवातीला थोड्या निळसर ठिणग्या दिसतात आणि त्या कमी होत जातात. वाढत गेल्या तर यंत्र थांबवून पुन्हा उघडावे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे चांगली यंत्रे भंगारात जातात. काही ब्रशच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली इन्सुलेटरची बारीक खुंटी असते. ब्रश ठराविक लांबीपर्यंत झिजला की ती बाहेर येऊन ब्रशला तांब्यापासून उचलते आणि यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता थांबते. हे कम्युटेटर वाचवण्यासाठी मुद्दाम केलेले असते. धूर नाही, वास नाही आणि यंत्र अचानक मेले, तर ‘आर्मेचर गेले’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी ब्रश काढून पाहावा. तसेच यंत्र ब्रशलेस आहे का, हेही पाटीवर आधीच पाहून घ्यावे, कारण त्यात कार्बन नसतोच.

आमच्या सँडरमध्ये कंपनीच्या क्रमांकाचे १३ मिलिमीटर लांबीचे ब्रश आणि नव्या स्प्रिंगा घालून आता साडेतीन महिने झाले. दर शनिवारी काम संपल्यावर यंत्र मोकळे चालवत झरोक्यांतून कोरडी हवा मारली जाते, आणि महिन्यातून एकदा ब्रश व्हर्नियरने मोजून आकडा गाळ्याच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लिहिला जातो. मागच्या शनिवारी डावा ब्रश १०.९ मिलिमीटर भरला आणि उजवा ११. ब्रश बदलण्याच्या मर्यादेची रेघ ५ मिलिमीटरवर आहे.